हो, ‘सॉरी’ म्हणाला तो

माहेरचं कुणीही भेटलं, मग ते गणपतीत असो, लग्नात असो की कणकवलीच्या एसटी स्टँडवर, की पाचव्या मिनिटाला विषय निघतोच. ‘काय गो, त्या क्लाइव्हच्या गावात जाऊन तू इंग्रजाक माफी मागूक लावलंस म्हणे?’ पुण्यातल्या सोसायटीतल्या बायकांचा प्रश्न वेगळा. ‘सहा महिने इंग्लंडात होतात, आणि पाहिलंत काय, तर मार्केट ड्रेटन?’ दोन्ही प्रश्नांना मी तीन वर्षं नुसती हसत आले. आता कंटाळा आला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगते.

आधी पुण्यातल्यांना. मी इंग्लंड बघायला गेलेच नव्हते. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी नाही तर निदान गरम पाण्याची पिशवी, रात्रीची जागरणं. यात लंडन कुठे बसवायचं? लेक स्टोक-ऑन-ट्रेंटला राहते. बाळ अडीच महिन्यांचं झालं, मे महिना उजाडला, तेव्हा जावई म्हणाले, ‘आई, तुम्ही घरातच बसून आहात, बुधवारी मला सुट्टी आहे, कुठे तरी जाऊ.’ मार्केट ड्रेटन मोटारीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. बुधवारी तिथे आठवडी बाजार भरतो. संपला विषय.

नाही, संपला नाही. क्लाइव्हचं गाव म्हणून नाव मीच काढलं होतं. जावयांनी दोन-तीन राजवाडे आणि एक तळं सुचवलं होतं.

माझं माहेर गिर्ये. विजयदुर्गाच्या शेजारचं. इंग्रजांच्या कागदांत किल्ल्याचं नाव ‘घेरिया’ आहे, ते आमच्याच गावाचं मोडून केलेलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने समुद्रावरून किल्ल्यावर तोफा डागल्या, किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाडीत जळालं आणि जमिनीवरच्या इंग्रज फौजेचा म्होरक्या होता तिशीतला रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासीची लढाई, जिने बंगाल इंग्रजांच्या हाती गेला, ती पुढच्या वर्षीची. म्हणजे बंगालच्या आधी तो आमच्याकडे येऊन गेला होता. मुंबईहून निघण्याआधीच लुटीत कुणाचा किती वाटा ते इंग्रजांनी आपापसात ठरवून ठेवलं होतं. हे मी शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत घसा ताणून सांगितलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की मोठी होऊन मी क्लाइव्हच्या थडग्यावर थुंकून येईन. टाळ्या पडल्या. स्टीलचा पेला मिळाला. तो अजून देवघरात आहे, त्यात वाती ठेवते.

घरी आल्यावर आजोबांनी मात्र हवाच काढली. ‘दार आपल्याच माणसांनी उघडल्यानी, मगे इंग्रजाक कशाक गाळी घालतंस?’ खरंच होतं. किल्ला घ्यायला पेशव्यांची फौजही आली होती. पेशव्यांचं आणि तुळाजीचं बिनसलं होतं आणि पेशव्यांनीच मुंबईकर इंग्रजांशी संधान बांधलं होतं. तुळाजी मराठ्यांच्या छावणीत गेला तो परतलाच नाही, उरलेला जन्म कैदेत गेला. किल्ला हातात आल्यावर इंग्रज तो सोडीनात. पेशव्यांनी बाणकोटचा मोबदला दिला तेव्हा कुठे सोडला. त्या दिवशी मी आजोबांवर रागावले होते. पेल्याचं कौतुक सोडून हे काय मध्येच?

आता गावाबद्दल. मार्केट ड्रेटन हे तसं साधं गाव आहे. विटांची घरं, मध्येच एखादं काळ्या लाकडाच्या चौकटीचं पांढरं घर, बटरक्रॉस नावाचा खांबांवर उभा मांडव (पूर्वी लोणी-अंडी विकणाऱ्या बाया त्याच्या सावलीत बसत), खालून वाहणारी टर्न नदी आणि एक कालवा. आगगाडी १९६०च्या दशकातच बंद झालेली. पण बुधवारचा बाजार १२४५ पासूनचा, तिसऱ्या हेन्रीच्या सनदेचा. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माआधी तीस वर्षं. मी बाबागाडी ढकलत चेशायर स्ट्रीटवरून चालत होते आणि ताडपत्र्या, चीजचे गोळे, वारावर मापून द्यायचं कापड, मोबाइलची कव्हरं बघत होते. कुणी ओरडून गिऱ्हाईक बोलवत नव्हतं, एवढं सोडलं तर सगळं ओळखीचं. आणि जिंजरब्रेड. गावाची ती ख्याती आहे. बोटासारख्या कांड्या, आत आलं आणि थोडी रम, पोर्ट वाइनमध्ये बुडवून खायची रीत. पुडी उघडली आणि मला जत्रेतलं खाजं आठवलं. तोच आल्या-गुळाचा वास. माझा राग तिथेच थोडा पातळ झाला, हे कबूल करते. जिभेला इतिहास कळत नाही.

क्लाइव्ह जन्मला जवळच्याच स्टाइच नावाच्या वाड्यात, १७२५ मध्ये. गावात त्याच्या दोन गोष्टी सांगतात. एक, पोरवयात तो सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढून पन्हाळीच्या दगडी राक्षसतोंडावर बसला होता. दुसरी, टोळकं जमवून तो दुकानदारांकडून पैसे उकळायचा, नाही दिले तर काचा फोडायचा. म्हणजे हप्ता. पुढे त्याने काय केलं ते बघता अनुभव कामाला आला म्हणायचा.

आणि आता तो माणूस.

चर्चचा मनोरा दिसत होता अशा जागी एक म्हातारा रोपं विकत बसला होता. सत्तरीचा असेल. नखांत माती, कोपरांवर विरलेला स्वेटर, समोर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत टोमॅटोची रोपं ओळीने. मी एक पान चुरगाळून वास घेतला. ते बघून त्याला बरं वाटलं असावं. कुठून आलात, विचारलं. इंडिया, म्हटलं. इंडियात कुठे? एरवी मी पुणे म्हणते आणि मोकळी होते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. नजर मनोऱ्यावर गेली आणि मी सुरू झाले. बँकेत चौतीस वर्षं वापरलेलं इंग्रजी, म्हणजे ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ छापाचं. तुमच्या गावाचा हा जो क्लाइव्ह, त्याने माझ्या गावावर हल्ला केला. १७५६ मध्ये. आमचं आरमार जाळलं. खजिना नेला. पेशव्यांचं नाव मी घेतलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण आजोबा असते तर त्यांनी तिथेच पकडलं असतं.

जावई मागे उभे होते. एक बाई रोप हातात धरून पैसे द्यायला थांबली होती. म्हाताऱ्याने मध्ये तोडलं नाही. खुरपं मांडीवर ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाला, ‘ओह. सॉरी अबाउट दॅट, डक.’

डक म्हणजे बदक. त्या भागात कुणालाही प्रेमाने तसंच म्हणतात, हे मला लेकीने आधी सांगितलं होतं. पण सूर? बसमध्ये पायावर पाय पडला की म्हणतात ना, तो सूर. खोटा अजिबात नव्हता. पायावर पाय पडल्यावर माणूस मनापासूनच सॉरी म्हणतो.

आणि मी काय म्हणाले असेन? ‘दॅट्स ऑल राइट.’

तोंडातून निघूनच गेलं. समोरचा सॉरी म्हणाला की उत्तर तेच, काउंटरवर बसून अंगवळणी पडलेलं. खाडीत जळालेली गलबतं, त्यांवरचे खलाशी, सगळं मी परस्पर मिटवून टाकलं. कुणी दिला होता मला अधिकार? बँकेत दहा हजारांची नोंद फिरवायची तर दोन सह्या लागायच्या. मी दोन रोपं घेतली. त्याने वर एक टाकलं, आपल्याकडे भाजीवाली कोथिंबीर टाकते तसं. तेही मी घेतलं. गाडीत बसल्यावर जावई इतके हसले की बाळ जागं झालं.

क्लाइव्हचं थडगं मोर्टन से इथल्या चर्चमध्ये, तिथून अगदी जवळ. नक्की कुठे पुरला त्याची खूण नाही, नुसती पितळी पाटी आहे आणि तिच्यावर लॅटिनमध्ये ‘हिंदुस्थानात पहिला’. आम्ही गेलो नाही. बाळ भुकेलं होतं. पेला परत करावा का, असा विचार मात्र त्या रात्री आला होता.

मग माफीची गोष्ट कुठून आली? माझ्याकडूनच. त्याच वर्षी गणपतीत ओटीवर सगळे बसले होते, कुणीतरी विचारलं, आणि मी सांगताना ‘सॉरी म्हणाला’ इथे थांबले. पुढचं गिळलं. भाऊने ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, त्यात म्हाताऱ्याने मान खाली घातली, डोळे पुसले. पुढे कुणी तरी त्याला क्लाइव्हचा वंशज करून टाकला. मी दुरुस्ती केली नाही. खरं सांगायचं तर आवडलं होतं मला. वक्तृत्व स्पर्धेतल्या त्या मुलीला तर फारच.

त्याच भागातल्या श्रूसबरी शहराच्या चौकात क्लाइव्हचा पुतळा आहे. २०२० मध्ये तो हटवायची मागणी झाली, कौन्सिलने ठेवायचा ठराव केला. तेव्हा मी पुण्यात बसून तावातावाने बोलत होते. आता त्या म्हाताऱ्याचं मत काय असेल असं वाटतं. विचारायला हवं होतं. कदाचित त्याने मत दिलं नसतं, रोपाला पाणी किती घालायचं ते सांगितलं असतं.

गेल्या गणपतीत भाऊला शेवटी सगळं सांगितलं. तो समईत तेल घालत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सॉरी म्हटल्यान ता रवांदे. तू ऑल राइट म्हटलंस, ता खंय सांगू नको.’

‘मग काय म्हणूक होया होता?’ मी विचारलं.

‘थांब, सांगतंय,’ म्हणाला, आणि वात सारखी करायला लागला.