पाच सह्या

रात्रपाळीचा फोन पहाटे चारला आला. लाईन बंद पडली असणार, असं धरूनच उचलला. पलीकडून हेल्पर म्हणाला, ‘साहेब, आज बाटल्या पडतच नाहीयेत. येऊन बघा.’

आमच्याकडे लेबलिंग मशीनच्या अलीकडे कन्व्हेयरला एक वळण आहे. तिथे बाटल्या आडव्या व्हायच्या आणि दर पाळीत पंधरा-वीस वेळा लाईन थांबायची. त्या रात्री शिफ्ट इनचार्ज रजेवर, मेंटेनन्सचा माणूस दुसरीकडे अडकलेला. विचारायला कुणी नव्हतं. ऑपरेटरने लाईन बंद केली, जुन्या बेल्टची हातभर पट्टी कापली आणि बाहेरच्या गाइड रेलच्या वरच्या अंगाला केबल टायने आवळली. रेल बाटलीच्या तळाशी टेकत होता, म्हणून वळताना बाटली त्याच्यावरून कलंडायची. पट्टीमुळे आधार खांद्यापाशी गेला.

‘हे कधी सुचलं?’ मी ऑपरेटरला विचारलं.

‘वर्ष होईल, साहेब. फॉर्म भरला होता.’

फॉर्म शोधून काढला. सूचनेला पाच सह्या लागायच्या. दोन झाल्या होत्या. तिसरी माझी. तिथे सहीऐवजी माझ्या अक्षरात शेरा होता: ‘ड्रॉइंग जोडावे.’ ज्याने कधी ड्रॉइंग काढलं नाही, त्याच्याकडे मी ते मागितलं आणि विसरून गेलो. नंतर त्याने एकही फॉर्म भरला नाही. आणि ‘लाईनवरची माणसं डोकं चालवत नाहीत’ असं मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो. त्याची लाज आजही वाटते.

टोयोटात कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून आहे. शिवाय अडचण दिसली की लाईनवरचा कुणीही दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि अडचण सुटली नाही तर लाईन थांबते. ट्रेनिंगमध्ये हे मी कितीदा शिकवलंय! सूचनापेटी आम्हीही लावली होती, पण धावत येणारं कुणी नव्हतं. कागदच एकेक पायरी वर चढायचा.

मग वरिष्ठांशी भांडून नियम बदलून घेतला. जो बदल त्याच पाळीत काढून टाकता येईल, त्याला शिफ्ट इनचार्जचा तोंडी होकार पुरे. सेफ्टी गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडताच मशीन बंद पाडणारी सोय) किंवा मालाला स्पर्श करणारा भाग असेल, तर मात्र पाचही सह्या. त्यात मी स्वतःच सूट देणार नाही, तिथली चूक माणसाच्या हातावर बेतते.

पहिले तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. चौथ्या आठवड्यात तोच हेल्पर दारात येऊन उभा राहिला.

‘साहेब, कार्टनच्या ट्रॉलीचं जरा बोलायचं होतं. फॉर्म आणू का?’

मी खुर्ची मागे सारली आणि त्याच्याबरोबर ट्रॉलीपाशी गेलो.