झिविएत्सचा तोमाश आदामेक: बेस्किदच्या डोंगरांतून व्रोत्सवाफच्या रिंगपर्यंत

काटोवित्सेहून झिविएत्सला जाणारी रेल्वे बिएल्स्को-बिआवा मागे टाकते आणि सपाट मुलूख संपतो. तोवर खिडकीबाहेर कारखाने, गोदामं आणि अधूनमधून कोळसा खाणींचे मनोरे दिसत असतात. मग बेस्किदच्या डोंगररांगा जवळ येऊ लागतात. पोलंडला येणारे बहुतेक जण क्राकोव्ह बघतात, फार तर झाकोपानेपर्यंत जातात. मला झिविएत्सलाच यायचं होतं, कारण मुष्टियोद्धा तोमाश आदामेक या भागातला आहे आणि त्याच्या लढती मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे.

हे गाव पोलंडभर माहीत आहे ते बिअरमुळे. 1856 मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने इथे ब्रुअरी काढली, ती आजही चालू आहे आणि गावाचंच नाव बाटलीवर मिरवते. हाब्सबुर्गांचा वाडा, त्याभोवतीची बाग, मधला चौक हे सगळं देखणं आहे, पण त्यासाठी अर्धा दिवस पुरतो. मी तिथे फार रेंगाळलो नाही.

गावाच्या उत्तरेला झिविएत्स सरोवर आहे. सोवा नदीवर त्रेस्ना इथे धरण बांधून 1960 च्या दशकात ते तयार झालं. सरोवराच्या काठाने ओच्कूफकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पूल लागतो, त्या जागेचं नाव विल्ची यार. 15 नोव्हेंबर 1978 च्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, खाणीतल्या पाळीवर निघालेल्या कामगारांची बस इथे निसरड्या रस्त्यावरून घसरली आणि थेट पाण्यात गेली. काही मिनिटांतच मागून आलेली दुसरी बसही तशीच कोसळली. 30 माणसं गेली. त्यांत आदामेकचे वडील होते. तोमाशला तेव्हा दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

पुलाजवळ मृतांचं स्मारक आहे. मी गेलो तेव्हा तिथे काचेच्या नळकांड्यांतले लाल-पांढरे दिवे ठेवलेले होते, पोलंडमधल्या कुठल्याही कबरस्तानात दिसतात तसे. एकाच्या झाकणावर गंज चढला होता, शेजारचा अगदी नवा, आत मेण अजून काठोकाठ. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही कुणीतरी येऊन दिवा लावतं. कठड्यावरून खाली बघितलं की पाण्यापर्यंतची उंची पोटात गोळा आणते. मोटारी मात्र वेगात निघून जातात, हा रोजच्या वापरातला रस्ता आहे.

आदामेकबद्दल बोलताना लोक त्याच्या ठोशांबद्दल बोलतात. ठोसा त्याचा जबर होताच, पण मला भावला तो मार खाऊन उभं राहण्याचा त्याचा गुण. या पुलावर उभं राहिल्यावर मला वाटलं, ज्या घरातला कर्ता माणूस पहाटे कामावर गेला आणि परतलाच नाही, त्या घरातल्या पोराला सोसणं कुणी शिकवावं लागत नाही.

झिविएत्सपासून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर गिलोवित्से, आदामेकचं गाव. बसने गेलो. उतारावरची घरं, प्रत्येकापुढे रचून ठेवलेली सरपणाची रास, आणि मध्यभागी संत आंद्रेईचं लाकडी चर्च. हे चर्च मूळचं शेजारच्या रिखवाउद गावातलं. तिथे नवं पक्कं चर्च झाल्यावर 1757 मध्ये हे इथे आणून उभं केलं. भिंतींपासून छपरापर्यंत सगळं लाकूडच. छपरावरच्या फळ्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या, उन्हापावसाने राखाडी झालेल्या. आदामेक पक्का कॅथलिक. लढतीपूर्वी क्रूसाची खूण करतो, मुलाखतीत देवाचं नाव घेतो. या भागात फिरल्यावर त्यात दिखावा वाटेनासा होतो. रविवारी सकाळी सगळं गाव चर्चच्या आवारात असतं.

दुपारी एका छोट्या खाणावळीत क्वाशनित्सा खाल्ली. आंबवलेल्या कोबीचं सार आणि त्यात धुरावलेल्या बरगडीचे तुकडे. आंबटपणा थेट कानशिलापर्यंत जातो. मालकीणबाईंनी कुठून आलात विचारलं, मी भारत म्हटलं. मी मूळचा कोल्हापूरचा. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्याला जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, तेही फोनवरच्या नकाशाच्या मदतीने सांगितलं. बाईंनी ऐकून आधी डोळे पुसले, मग आणखी एक वाटी सार आणून ठेवलं. आदामेकचं नाव काढताच कोपऱ्यातले एक आजोबा खुर्ची ओढून जवळ आले. भाषेची अडचण होती, पण त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाचचा आकडा दाखवला आणि टीव्हीकडे बोट केलं. ते मला लगेच कळलं. आदामेक अमेरिकेत रात्री लढायचा, तेव्हा इथे पहाट असायची. खाणीच्या पाळीला ज्या वेळी उठायचं, त्याच वेळी उठून त्याला बघायचं.

त्याची कारकीर्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1998 च्या हौशी युरोपियन स्पर्धेत कांस्यपदक, 1999 मध्ये व्यावसायिक. 21 मे 2005 ला शिकागोत पॉल ब्रिग्जला गुणांवर हरवून तो डब्ल्यूबीसी या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा लाइट हेवीवेट, म्हणजे 79 किलोंच्या गटातला, विजेता झाला. लढतीआधी सरावात त्याचं नाक मोडलं होतं. ते त्याने लपवलं आणि बाराच्या बारा फेऱ्या रक्त गिळत काढल्या. त्याच रात्री, त्याच सभागृहात आंद्रेई गोवोता हा पोलंडचा तेव्हाचा सर्वांत लाडका हेवीवेट पहिल्याच फेरीत, मिनिटाच्या आत, लॅमन ब्रूस्टरकडून गारद झाला. पोलिश चाहत्यांचा नायक बदलला तो त्या एका संध्याकाळी, असं मला ठामपणे वाटतं.

2007 मध्ये चॅड डॉसनने त्याच्याकडून पट्टा, म्हणजे विजेतेपद, घेतलं. आदामेक वरच्या, म्हणजे क्रूझरवेट गटात गेला आणि 11 डिसेंबर 2008 ला न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये स्टीव्ह कनिंगहॅमशी भिडला. कनिंगहॅम जास्त चपळ, त्याचे हात जास्त लांब. आदामेकने त्याला तीनदा खाली पाडलं, तो तिन्ही वेळा उठला आणि फेऱ्या जिंकत राहिला. निकाल जजमध्ये विभागून आदामेकच्या बाजूने गेला आणि आयबीएफ या दुसऱ्या जागतिक संघटनेचा पट्टा त्याला मिळाला. ती पाडापाडी झाली नसती तर निकाल उलटा लागला असता. त्या भागातले पोलिश लोक लाल-पांढरे झेंडे घेऊन आले होते. पुढची दोन-तीन वर्षं नेवार्क जणू त्याचं घरचं मैदान झालं. पुढे ऑक्टोबर 2009 मध्ये वूच शहरात त्याने गोवोतालाच पाचव्या फेरीत थांबवलं आणि सर्वांत वजनदार अशा हेवीवेट गटात पाय टाकला.

झिविएत्सहून मी रेल्वेने व्रोत्सवाफ शहरात गेलो. ओद्रा नदी, तिच्यावरचे पूल, रंगीत घरांचा चौक, सगळं बघितलं, पण मन स्टेडियमकडे होतं. शहराच्या पश्चिमेला ट्रामने जाता येतं. 2012 च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी बांधलेल्या या वास्तूला बाहेरून जाळीदार कापडाचं आवरण आहे. संध्याकाळी आतले दिवे लागले की सबंध इमारत आकाशकंदिलासारखी उजळते. 10 सप्टेंबर 2011 ला इथे पहिला मोठा कार्यक्रम झाला तो फुटबॉलचा नव्हे. युक्रेनचा विताली क्लिच्को विरुद्ध तोमाश आदामेक, डब्ल्यूबीसी हेवीवेट विजेतेपद, चाळीस हजारांहून अधिक माणसं.

ट्रामच्या थांब्यावरून चालत गेटपाशी गेलो आणि बराच वेळ त्या लढतीचाच विचार करत राहिलो. क्लिच्को दोन मीटर उंच, वजन 110 किलो. आदामेक त्याच्यापेक्षा बितभर बुटका आणि डझनभर किलोंनी हलका. सहा वर्षांपूर्वी हाच माणूस 79 किलोंच्या गटात लढत होता. ही जोडच बरोबरीची नव्हती. दुसऱ्या फेरीच्या अखेरीला उजव्या हाताचा ठोसा बसून तो दोरांवर गेला, तेव्हाच बघणाऱ्यांना काय ते कळलं होतं. आदामेक डोकं हलवत आत घुसायचा प्रयत्न करायचा, आणि क्लिच्कोचा लांब डावा हात त्याला वाटेतच अडवायचा. तरी तो दहाव्या फेरीपर्यंत उभा राहिला. शेवटी रेफरीने लढत थांबवली, आणि योग्य केलं. खेळाडूचा जीव पट्ट्यापेक्षा मोठा आहे.

त्यानंतर त्याने थांबायला हवं होतं, असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. पुढच्याच वर्षी त्याने एडी चेंबर्सला हरवलं. 2014 मध्ये क्राकोव्हला तरुण आर्तुर श्पिल्काकडून तो गुणांवर हरला, तिथे मात्र थांबला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी ऑक्टोबर 2018 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो 140 किलोंहून जड असलेल्या जॅरेल मिलरसमोर उभा राहिला आणि दुसऱ्या फेरीत संपला. तेही शिकागोतच. ती चित्रफीत मी एकदाच पाहिली आहे, पुन्हा बघवत नाही. 59 लढती, 53 विजय, त्यांतले 31 नॉकआउट, सहा पराभव.

ज्यांनी त्याला कधीच पाहिलं नाही त्यांनी क्लिच्कोची लढत आधी लावू नये. नेवार्कची कनिंगहॅमची पहिली लढत पूर्ण बघा, बाराही फेऱ्या. आणि पोलंडला गेलात तर क्राकोव्हच्या दौऱ्यातला एक दिवस काढून झिविएत्सला जा. गिलोवित्सेचं चर्च बघा, क्वाशनित्सा खा, आणि जाता-येता विल्ची यारपाशी जरा थांबा.