वजनावरून नगावर: आमची वाटचाल

आमच्या दुकानातला सर्वांत जुना जिन्नस म्हणजे दर्शनी भागात टांगलेला लोखंडी तराजू. पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, माझ्या आजोबांनी साठच्या दशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान थाटले, तेव्हा प्रत्येक हंडा, कळशी, परात आणि घंगाळ याच तराजूत घालून विकले जाई. धातूचा त्या दिवसाचा भाव, त्यावर घडणावळ, आणि गिऱ्हाइकाने जुनी भांडी आणली असतील तर त्यांची मोड वजा, एवढाच हिशेब असे. आज आम्ही प्रामुख्याने फुलदाण्या आणि शोभेची पात्रे विकतो आणि ती नगावर विकली जातात. तरीही तराजू आम्ही काढलेला नाही, कारण फुलदाणी हातात घेऊन "हिचं वजन किती?" असे विचारणारी गिऱ्हाइके अजूनही येतात. पूर्वी मला या प्रश्नाचे हसू येत असे. आता येत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

स्टीलने घराघरांतून तांब्या-पितळेला बाहेर काढले, ते बाबांच्या काळात. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावे लागत नाही आणि ते हलके असते. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. काही वर्षे तर अशी गेली की आमच्याकडे विक्रीपेक्षा मोडीचीच आवक जास्त होती. आजोबांनी विकलेले हंडे बाबा परत विकत घेत होते आणि त्यांतले चांगले घडणीचे चार-पाच नग वितळवायला पाठवणे जिवावर येई म्हणून माळ्यावर ठेवत होते. माळ्यावरची तीच भांडी पुढे आमच्या नव्या धंद्याची सुरुवात ठरली. मी दुकानात बसू लागले त्या वर्षी एका गृहस्थांनी त्यांतला एक जुना हंडा नव्या सदनिकेच्या दारात ठेवायला, त्यात सुकलेल्या गवताचे तुरे खोवायला म्हणून नेला, आणि मोडीच्या चौपट रक्कम न कुरकुरता मोजली. त्या रात्री बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी उत्साहाच्या भरात पहिली मोठी चूक केली. उंच, सडपातळ, बुडाशी निमुळत्या अशा पंधरा इंची फुलदाण्यांचे चित्र मी स्वतः काढले, खर्च वाचावा म्हणून पातळ पत्रा निवडला आणि एकदम साठ नग करवून घेतले. मांडणीवर त्या फार देखण्या दिसत. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यातच त्या परत येऊ लागल्या. ग्लॅडिओलसच्या तीन-तीन फुटी दांड्या त्यांत घातल्या की पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा फुलदाणी कलंडत होती, आणि एका काकूंच्या घरी तर तिने पेटीवर पाणी सांडून पेटीचे सूर बिघडवले होते. आमचे काम करणारे तांबटकाका तेवढेच म्हणाले, "ताई, भांडं आधी बसलं पाहिजे, मग दिसलं पाहिजे." त्या साठ नगांपैकी बहुतेक शेवटी तराजूतच गेले.

वजनाच्या प्रश्नातले शहाणपण मला तेव्हा कळले. फुलदाणी हेही शेवटी पाणी धरणारे भांडेच आहे, आणि आपल्या आज्या भांडे घेताना जे पाहत, म्हणजे बूड, तोंड, जडपणा आणि जोड, तेच फुलदाणी घेतानाही पाहायला हवे. मठारकामाचा, म्हणजे हातोडीने ठोके देण्याच्या कामाचा, उपयोगही याच नजरेने पाहिला तर समजतो. तांब्याचा पत्रा तापवून मऊ केला जातो, आकार दिला जातो (काही आकार आता यंत्रावर दाबूनही येतात), आणि मग लोखंडी खुंटावर ठेवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर ओळीने ठोके दिले जातात. ते चमकते ठसे म्हणजे नुसती नक्षी नव्हे. ठोक्यांनी तांबे कठीण होते, त्यामुळे भांडे सहजासहजी चेपत नाही, आणि रोजच्या वापरातले बारीक ओरखडे त्या ठशांच्या चमकेत लपून जातात. ठोक्यांच्या ओळी एकमेकींना धरून चालल्या आहेत की मध्येच भरकटल्या आहेत, हे उजेडात तिरके धरून पाहावे. हाताचे काम अगदी एकसारखे नसते, पण ते विस्कळीतही नसते.

आता गिऱ्हाईक आले की आम्ही लगेच काही दाखवत नाही. आधी ते कुठे ठेवणार हे विचारतो आणि शक्य असेल तर जागेचे माप मागतो. जेवणाच्या टेबलावर ठेवायचे असेल, तर फुलांसकट उंची एक फुटाच्या आत असावी, नाहीतर समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडे दिसत नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी फुलदाणी उचलून कपाटावर जाते. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, जिथे मुलांची दप्तरे आदळतात, तिथे काच किंवा चिनीमाती आम्ही सुचवतच नाही. जुन्या वाड्यातला कोनाडा असेल तर त्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांशापेक्षा मोठा नग घेऊ नये, वरची मोकळी जागाच कोनाड्याला शोभा देते. एकूण अंदाज म्हणून फुलांची रचना फुलदाणीच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट धरली जाते. हा नियम चांगला आहे, पण हलक्या फुलदाणीला तो लावू नये, हे मी साठ नग गमावून शिकले आहे.

दुसरा प्रश्न फुलांचा. पुण्याला फुलांची ददात नाही; मावळातल्या हरितगृहांतले गुलाब आणि जरबेरा, गावोगावचा निशिगंध आणि शेवंती मार्केट यार्डात रोज येते. निशिगंधाच्या डझनभर दांड्यांना दोन-अडीच इंचांचे तोंड पुरते. तोंड पाच इंचांचे असेल तर दांड्या चारी बाजूंना पडतात आणि मग ते भरायला तिप्पट फुले लागतात. महिन्याच्या फुलांचा खर्च फुलदाणीच्या तोंडावर ठरतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि मऊ असतो, खोल पाण्यात तो कुजतो, म्हणून त्याला अरुंद गळ्याची फुलदाणी आणि जेमतेम दोन-तीन इंच पाणी द्यावे. ज्यांच्या घरी रोज फुले येणारच नाहीत, त्यांनी ते मोकळेपणाने सांगावे. अशा घरासाठी रिकामी असतानाही पूर्ण वाटेल अशी पोटाची, आखूड गळ्याची घडण असते.

पसरट पात्रांचा माझा विशेष लोभ आहे, कारण तिथे आमची जुनी वस्तू नव्या नावाने परत आली. दोन कड्यांचे घंगाळ एके काळी न्हाणीघरात गरम पाण्यासाठी असे. आता तेच दिवाणखान्यात येते, त्यात पाकळ्या आणि तरंगत्या पणत्या सोडल्या जातात, आणि गिऱ्हाईक त्याला केरळातल्या भांड्याच्या नावाने "उरळी" म्हणते. मी दुरुस्ती करत नाही, फक्त पावतीवर घंगाळ लिहिते. अशा पात्राचा काठ बाहेर वळवलेला असावा. धारदार काठ पुसताना हात कापतो. शिवाय ते काठोकाठ भरायचे नसते, पाणी निम्म्यावर ठेवले तर पणतीची ज्योत वाऱ्यापासून राखली जाते आणि तांब्याची आतली बाजू उजळून निघते. फळे ठेवायला साधे तांब्याचे पात्र चालते, पण दही, लोणचे, कापलेले लिंबू असे आंबट काही कल्हई नसलेल्या तांब्यात किंवा पितळेत कधीही ठेवू नये.

दुसरी चूक लेपाची. चमक टिकावी म्हणून आम्ही एका वर्षी सगळ्या मालावर पारदर्शक लेप दिला आणि ते सांगायचे मात्र विसरलो. घरोघरी सवयीप्रमाणे चिंच-मीठ लावून जोरात घासणे झाले, लेप ठिकठिकाणी निघाला, आणि भांड्यांवर कोडासारखे पट्टे उठले. ते सर्व नग आम्ही विनामूल्य उजळून दिले. तेव्हापासून लेपाचे आणि बिनलेपाचे नग वेगळ्या फळ्यांवर असतात. मला विचाराल तर बिनलेपाचेच घ्यावे. काळवंडलेले तांबे पाच मिनिटांत पुन्हा उजळते, आणि ज्यांना तो तपकिरी रंगच आवडतो त्यांना काहीच करावे लागत नाही.

तांब्याखेरीजचा माल आम्ही थोडाच ठेवतो. भाजक्या मातीच्या, लुकण (काचेसारखा चकचकीत थर) नसलेल्या फुलदाणीतून पाणी पाझरते, म्हणून ती सुक्या काड्यांसाठीच द्यावी किंवा आत काचेचा पेला ठेवावा. खुर्ज्याची चिनीमातीची भांडी घेताना बोटाने टिचकी मारावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. जयपूरची निळी भांडी मातीची नसून मुख्यत्वे गारगोटीच्या आणि काचेच्या भुकटीची असतात, दिसायला अप्रतिम आणि धक्क्याला अगदी नाजूक. बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर वापरून त्याला काळा रंग आणतात. त्यात पाणी ठेवू नये आणि त्याला चिंच तर लावूच नये.

2020 च्या टाळेबंदीत दुकान बंद असताना भाचीने छायाचित्रे काढून फोनवरून विक्री सुरू करून दिली. पहिल्या महिन्यात "एवढीशीच आहे का?" अशी तक्रार सतत येई, कारण छायाचित्रात आठ इंच आणि अठरा इंच सारखेच दिसतात. मग आम्ही प्रत्येक नगाशेजारी पाणी प्यायचा साधा तांब्या ठेवून छायाचित्र काढू लागलो, आणि मराठी घरांत ती तक्रार जवळजवळ थांबली.

चिठ्ठीवर आता उंची, तोंड, बूड आणि वजन अशी चार मापे लिहिलेली असतात. वजन लिहायचा आग्रह बाबांचा. नगावर विकलेली तांब्याची फुलदाणी कोणी परत आणली तर आम्ही ती त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने घेतो, आणि त्या वेळी तराजूची पारडी बाबा स्वतः पुसतात.