फेरी नोंद ६ : चौथ्याचा खालचा प्लग

म्हातारी, म्हणजे माझं जुनं विमान, अजून डोंगराच्या अलीकडेच आहे. ‘पुढची नोंद पलीकडून’ असं मागच्या वेळी ऐटीत लिहिलं होतं, ते शब्द मुकाट गिळतो.

मंगळवारी सकाळी ९,५०० फुटांवर लेव्हल झालो, मिक्स्चर लीन केलं (लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त), आणि पाचेक मिनिटांत इंजिन खोकायला लागलं. बंद पडेल असं वाटत नव्हतं, पण उचकी लागल्यासारखा मधूनच एक हिसका. खिंड वीस मैलांवर समोर दिसत होती. सोबतीला म्हटलं, “वळूया का?” तो म्हणाला, “तू विचारतोयस म्हणजे वळायचंच आहे.” वळलो.

परतताना कार्ब हीट ओढून पाहिली, म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा सोडली. बर्फ असता तर आधी आणखी धडधड होऊन मग आरपीएम वर चढले असते. तसं झालं नाही. आरपीएम पडले ते पडलेच, उचकी मात्र थोडी कमी झाली. गरम हवा विरळ, म्हणून मिश्रण रिच होतं. म्हणजे रिच केलं की बाईंना बरं वाटतं. त्यात नोंद ३ मध्ये बसवलेल्या चार प्रोबच्या मॉनिटरवर चौथ्या सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) बाकीच्यांपेक्षा सत्तरेक अंश फॅरनहाइट वर. मी निदान करून मोकळा : चौथा लीन चालतोय, इनटेकला कुठेतरी गळती आहे.

बुधवार या निदानापायी वाया गेला. गॅस्केट पाहिलं, रबरी जोड पाहिले, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. काही नाही. इथले मेकॅनिक वयाने वडिलांच्या जागी, म्हणून मी काकाच म्हणतो. ते शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, “आयडलला कशी चालते?” म्हटलं, लोण्यासारखी. “मग गळती कसली शोधतोस?” बरोबरच होतं. टर्बो नसलेल्या इंजिनात इनटेकची गळती सगळ्यात जास्त छळते ती थ्रॉटल बंद असताना, कारण तेव्हा आतली ओढ जास्त असते. फुल थ्रॉटलला आत-बाहेरचा दाब जवळपास सारखाच, हवा शिरेल कशाला?

मग गाडी इग्निशनवर आली. दर सिलिंडरला दोन प्लग : एकाला डावा मॅग (मॅग्नेटो) ठिणगी देतो, दुसऱ्याला उजवा. पण रन-अपला (उडण्याआधीच्या जमिनीवरच्या चाचणीत) सगळं साजूक! १,७०० आरपीएमला एकट्या डाव्या मॅगवर ८० पडतात, एकट्या उजव्यावर ७०. पुस्तकात १२५ चालतात, आणि दोन्हींत ५० पर्यंत फरक. प्लग काढले तर खालच्या चारही प्लगांत शिशाचे बारीक मणी. हे माझंच पाप. १००एलएल (विमानाचं पेट्रोल) मधलं शिसं जमिनीवर रिच मिक्स्चरमध्ये रेंगाळत टॅक्सी केली की खालच्या प्लगांत साठतं. जमिनीवर कडक लीन करा, असं मीच इथे सगळ्यांना सांगत असतो. मणी टोकरून काढले, गॅप ०.०१६ इंचाला आणली, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत ९,५०० ला गेलो. उचकी हजर.

वर आलोच होतो, तर लीन करून हवेतच मॅग चेक केला. हा मी आधीच करायला हवा होता. जमिनीवर रिच मिश्रणात मरणपंथाला लागलेला प्लगसुद्धा पास होऊ शकतो. लीन मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे दुबळा गडी उघडा पडतो. (हे धावपट्टीच्या वर उंचावरच करा. एका मॅगवर इंजिन अगदीच गप्प झालं तर आधी थ्रॉटल मागे घ्या, मगच बोथवर (दोन्ही मॅगवर) या. नाहीतर सायलेन्सरमध्ये साठलेलं पेट्रोल फटाक्यासारखं उडतं.) उजव्या मॅगवर चारही ईजीटी वर सरकले, चौथा सगळ्यात कमी. एकाच प्लगने जळण सावकाश होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी आग चालूच असते, म्हणून ईजीटी चढायचाच. डाव्या मॅगवर तीन चढले आणि चौथा धाडकन खाली.

त्या क्षणी मी सीटवर बसल्या बसल्या ओरडलो. चौथा लीन नव्हताच. तो बहुतेक वेळ एकाच प्लगवर चालत होता, म्हणून त्याचा ईजीटी वर! डावा मॅग डावीकडचे खालचे आणि उजवीकडचे वरचे प्लग पेटवतो. चौथा डावीकडे. म्हणजे चौथ्याचा खालचा.

खाली येऊन दुसऱ्याचा आणि चौथ्याचा खालचा प्लग आपसांत बदलले. पुन्हा वर. रोग चौथ्यातच. प्लग सुटला, आता लीड (मॅगपासून प्लगपर्यंतची तार) किंवा मॅग. मल्टिमीटर लावला, लीडमधून ठणठणीत बीप. इथे मल्टिमीटरने मला पुरतं फसवलं. बॅटरीच्या नऊ व्होल्टला जे इन्सुलेशन पुरतं ते हजारो व्होल्टला पुरेलच असं नाही. काकांनी त्यांचा हाय-टेन्शन लीड टेस्टर आणला आणि दोन सेकंदांत निकाल : दिवा लागलाच नाही, लीड नापास. तेव्हाच कळून चुकलं, ज्याच्याकडे फक्त मल्टिमीटर आहे त्याने हार्नेसवर (सगळ्या लीडच्या जुडग्यावर) मत देऊच नये. मीही नाही.

लीड हातात घेतली तेव्हा दिसलं. बॅफलच्या (इंजिनावर हवा वळवणाऱ्या पत्र्याच्या) कडेला जिथे क्लॅम्प असायला हवा तिथे क्लॅम्पच नाही. वरची जाळी घासून चकचकीत, आणि ती सारल्यावर इन्सुलेशनवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका, भोवती राखाडी वर्तुळ. ठिणगी प्लगपर्यंत जायच्याऐवजी इथूनच जाळीत पळत होती. वर हवा विरळ, त्यामुळे तिला उडी मारणं आणखी सोपं.

काकांचा आग्रह पूर्ण हार्नेस बदलण्याचा, आणि मला पटला. एक लीड शिजली तर बाकीच्या काही कोवळ्या नाहीत. पण पुरवठादाराची तऱ्हा बघा : फोनवर दोनदा सांगितलं, प्लगची बाजू ३/४-२०, आणि आला ५/८-२४ चा. ‘बहुतेकांना हाच लागतो’ हे वर उत्तर. बहुतेकांचं विमान मी चालवत नाही.

या सक्तीच्या मुक्कामात मार्गाचा पुन्हा विचार केला. फ्रेंच वैमानिक ॲड्रिएन बोलँडने १ एप्रिल १९२१ ला ८० हॉर्सपॉवरच्या कॉड्रॉन जी-३ मध्ये अँडीज ओलांडला, तो शिखरांवरून नाही, दऱ्यांमधून. तिच्या विमानाला दुसरा पर्यायच नव्हता. माझ्याकडे १५० आहेत, पण दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के गळतात. सरळ ११,५०० ने जायचा हट्ट सोडला. उत्तरेकडच्या दरीने, खालच्या खिंडीतून, ९,५०० ने. ६० नॉटिकल मैल जास्त आणि एक फ्युएल स्टॉप वाढला. दुपारी तर सुटायचंच नाही : इथली धावपट्टी ४,६०० फुटांवर, ३२ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ७,७०० च्या वर जातं. सोबतीची मोठी बॅग कुरियरने पुढे पाठवतोय. तो रुसलाय.

हे लिहिता लिहिताच सुचलं : ९,५०० अलीकडेच गाठायचे, मोकळ्यावर लीन मॅग चेक करायचा, आणि चारही ईजीटी चढले तरच कड्याकडे ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे वळून पळायला जागा राहते. फ्लाइट प्लॅन आता पुन्हा लिहितो.

योग्य हार्नेस काल आला. काकांनी बसवला, क्लॅम्पसकट, आणि लॉगबुकात सही केली. संध्याकाळी वर जाऊन डावा मॅग : चारही आकडे एकामागोमाग चढले, आणि मी ते तीनदा करून बघितलं. गरज एकदाचीच होती.

आज कड्याच्या उंचीवर ३० नॉटचा वारा आहे आणि पलीकडे मसुराच्या दाण्यासारखे ढग एकाच जागी टांगून राहिलेत. उद्या पहाटे १५ च्या खाली आला तर निघतो. नाही आला तर उजव्या मॅगचं टायमिंग बघायचं राहिलंय.