भूल आणि जाग

भूलतज्ज्ञ म्हणजे रुग्णाला झोपवणारा डॉक्टर, एवढीच ओळख बहुतेकांच्या मनात असते, आणि शिकत असताना माझीही समजूत त्याहून फारशी वेगळी नव्हती. अलीकडे मात्र माझा बराचसा वेळ रुग्ण जागा राहावा आणि तरीही त्याला दुखू नये, या खटपटीत जातो.

न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या मणक्यात इंजेक्शन द्यायचे, तर आधी त्यांना बसवून पाठ वाकवावी लागते किंवा कुशीवर वळवावे लागते, आणि मोडक्या हाडासह ती हालचाल केवळ असह्य असते. पूर्वी आम्ही शिरेतून तीव्र वेदनाशामक देऊन ती वेळ निभावून नेत असू. त्याने गुंगी यायची, श्वास मंदावायचा आणि दुखणे थोडेफार उरायचेच. २०१८ साली कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या भागातील वेदना वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंना गाठण्याची एक रीत मांडली. सोनोग्राफीच्या पडद्यावर जांघेतील हाड आणि त्यावरून जाणारा स्नायूचा कंडरा ओळखायचा आणि त्या दोहोंमधल्या जागेत साधारण २० मिलिलिटर बधिर करणारे औषध सोडायचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून या रीतीला ‘पेंग ब्लॉक’ असे नाव पडले, पण मराठी कानाला त्यातली गंमत लगेच कळते, कारण या पेंगेने पेंग अजिबात येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी त्याच आजी हाताचा आधार घेऊन उठून बसतात आणि मांडीच्या स्नायूंची ताकदही बहुतांशी शाबूत असते.

पूर्ण भूल वृद्धांना वाईट आणि मणक्यातील इंजेक्शन चांगले, असे मीही अनेक नातेवाइकांना ठामपणे सांगत आलो होतो. अमेरिका आणि कॅनडातील ४६ रुग्णालयांत खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ६० दिवसांनंतरचे मृत्यू आणि चालण्याची क्षमता, तसेच शस्त्रक्रियेनंतरचा बुद्धिभ्रम, यांत दोन्ही पद्धतींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हापासून मी तो ठामपणा सोडला आहे.

आपल्याकडे एक अडचण वेगळीच आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी करावी लागते, त्यामुळे दिवसभरात तीन-चार रुग्णालये फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला स्वतःचे यंत्र गाडीत टाकून नेता येत नाही. कायद्याचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. गैरसोयही तितकीच खरी आहे.

औषधांचा शोधही गुंगीपासून दूर चालला आहे. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन हे औषध अफूवर्गातील औषधांप्रमाणे मेंदूवर काम न करता, मज्जातंतूंमधील एका विशिष्ट सोडियममार्गाला अडवून वेदनेचा संदेश उगमाजवळच रोखते. मात्र चाचण्यांत ते अफूवर्गातील औषध आणि पॅरासिटामोल यांच्या एकत्रित गोळीपेक्षा सरस ठरले नाही, त्यामुळे मी तूर्त त्याच्याकडे उत्सुकतेने, पण अंतर राखूनच पाहतो.

अतिदक्षता विभागात हा बदल त्याहून जुना आहे. कृत्रिम श्वासावरील रुग्णाची झोपेची औषधे रोज एकदा थांबवून त्याला जागे होऊ दिले, तर श्वासयंत्रावरचा काळ साधारण सात दिवसांवरून पाच दिवसांच्या आसपास येतो, हे शिकागोतील १२८ रुग्णांच्या अभ्यासाने २००० सालीच दाखवले होते. आता आम्ही आधी वेदना शमवतो आणि मग आवश्यक असेल तेवढीच गुंगी देतो; शक्य असेल तेव्हा नळी घशात असतानाच रुग्णाला खाटेच्या कडेला बसवतो. भेटीच्या वेळी आलेला मुलगा वडिलांचे उघडे डोळे पाहून घाबरतो आणि ‘डॉक्टर, यांना झोपवून ठेवा ना’ अशी विनवणी करतो. त्याची घालमेल मला कळते. मी त्याला शेजारी बसवून कारण समजावतो आणि उद्या येताना बाबांचा चष्मा आणि कानाचे यंत्र घेऊन यायला सांगतो.