प्रिसिलाच्या भुयारात

रोमचे बाकीचे दिवस ऊन, रांगा आणि माणसांचे लोंढे यांतच गेले. लिहायचंय ते व्हिया सलारिया रस्त्यालगतच्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीबद्दल.

वर घामाच्या धारा, आणि पायऱ्या उतरलात की अंगावर काही घ्यावंसं वाटणारा गारवा. टफ नावाच्या मऊ ज्वालामुखी खडकात खोदलेले अरुंद बोळ, सगळे मिळून सुमारे 13 किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंतींत कपाटाच्या फळ्यांसारखे एकावर एक आडवे कोनाडे. ख्रिस्ती लोक छळाच्या काळात इथे लपून राहत, ही सिनेमांनी पसरवलेली समजूत. ही साधी दफनभूमी होती. रोमच्या हद्दीत मृतांना पुरायला कायद्याने बंदी, बाहेर जमीन महाग, मग लोक खोदत खोदत खाली गेले.

आमच्यासोबत आलेल्या एका ग्रुपला फक्त येशूची आई मरिया हिचं चित्र बघायचं होतं. बाळाला घेतलेली मरिया आणि शेजारी ताऱ्याकडे बोट दाखवणारा संदेष्टा. तिसऱ्या शतकातलं, मरियेच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक. लहानसं, पुसट आणि उंचावर. ते पाहून झाल्यावर त्यांची मोठमोठ्याने चाललेली बडबड आणि ‘चला, चला’ची घाई यांनी मला अक्षरशः छळलं.

कारण त्याआधीच्या एका खोलीतून माझा पाय निघत नव्हता. समोरच्या भिंतीवर डोक्यावरून पदर घेतलेली एक स्त्री, दोन्ही हात वर, डोळे मोठे आणि वर लागलेले. तिच्या एका बाजूला तिच्या लग्नाचा मानला जाणारा प्रसंग, दुसऱ्या बाजूला ती बाळाला घेऊन बसलेली. छतावर खांद्यावर जनावर घेतलेला मेंढपाळ आणि मोर. आजूबाजूला बायबलच्या गोष्टींतली, देवाने वाचवलेली माणसं: आगीच्या भट्टीत उभे असलेले शद्रख, मेशख, अबेद्नगो, आणि जलचराच्या जबड्यातून बाहेर येणारा योना. क्रुसावरचा येशू मात्र कुठेच नाही. माणसं इथे आपली माणसं पुरत होती आणि भिंतीवर फक्त मरणातून वाचलेल्यांच्या गोष्टी काढत होती! हे मला फार मोठं वाटलं.

पण ही खोली पैसेवाल्यांची. बोळातल्या बहुतेक कोनाड्यांना चित्र नाही, नावही नाही. विटेच्या किंवा संगमरवराच्या पाटीने तोंड बंद करून कडेने चुना लिंपायचा, एवढंच. अशा थडग्यांत आपलं माणूस ओळखू यावं म्हणून घरचे लोक ओल्या चुन्यात नाणं, शिंपला, काचेच्या भांड्याचा तुकडा दाबून ठेवत. काही कोनाडे तर हातभरच लांब होते. तान्ह्या बाळांचे. तिथे कुणी थांबलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे.

आत फोटो काढू देत नाहीत, ते उत्तमच. सोमवारी बंद असतं. स्वतःच्या मनाने फिरता येत नाही, सोबत वाटाड्या असतोच. म्हणून शक्य तर सकाळच्या पहिल्या फेरीला जा आणि बोळातून चालताना मुद्दाम सगळ्यांत मागे राहा.