मायसोबत जोडीचं चालणं, बारावा आठवडा: हात कोणी कोणाचा धरायचा

मायला, म्हणजे आईला, घेऊन चालायला लागून बारा आठवडे झाले म्हणून लिहितोय. या काळात बरंच बदललंय, पण आधी माझं जे चुकत होतं ते सांगतो, म्हणजे आईवडिलांना घेऊन नव्याने चालायला लागलेल्यांकडून तेच होणार नाही.

माय ७४ वर्षांची, मूळची अमळनेरकडची, आता माझ्याकडे जळगावात. दिवाळीच्या आधी मोरीतून बाहेर येताना पडली. हाड मोडलं नाही पण त्यानंतर भिंत धरूनच चालायला लागली आणि बाहेर निघणं बंदच. पडण्याच्या धाकानेच माणूस बसून जातं, बसलं की मांड्यांची ताकद जाते आणि मग खरंच पडतं. फेब्रुवारीत डॉक्टरांना विचारून सुरुवात केली, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी सहाला मेहरूण तलावाच्या ट्रॅकवर. एप्रिलपासून साडेपाचला निघतो, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. उठल्याबरोबर चालायला लावत नाही, दोन मिनिटं खाटेवर पाय सोडून बसते, चक्कर नाही ना बघतो, मग उभी राहते.

चूक अशी की पहिले चार आठवडे मी तिचा दंड घट्ट धरून चालायचो. मला वाटायचं जेवढं घट्ट तेवढं सेफ. झालं काय, तर तिचा सगळा भार माझ्या बाजूला यायचा, दुसरा पाय नुसता ओढत यायचा आणि नजर कायम जमिनीवर. चौथ्या आठवड्यात नळाजवळच्या ओल्या जागी तिची चप्पल सरकली आणि मी घाबरून दंड वर खेचला. पडली नाही, पण खांदा आठ दिवस दुखत होता, केस विंचरायलाही हात वर जाईना, ते बघून मला फार वाईट वाटलं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी समजावलं की दंड खेचला की इजा खांद्याला होते आणि शरीर काही सावरत नाही, सावरायचं तर कमरेजवळून. त्यांच्याकडे कमरेला बांधायचा रुंद पट्टा असतो, तसा मी जुन्या खाटेच्या नवारीचा शिवून घेतला, साडीवरून बांधतो आणि मागून खालून बोटं घालून नुसता हात ठेवतो. चप्पलही बदलली, आता टाचेला पट्टा असलेली.

आणि हाताचं मायनेच सांगितलं, "तू मना हात धरू नको, मी तुना धरसू" (तू माझा हात धरू नको, मी तुझा धरेन). तेव्हापासून मी तिच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे, कोपरापुढचा हात आडवा धरून चालतो आणि ती त्यावर चार बोटं टेकवते. एवढंच. यामागे शास्त्र आहे बरं का. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला १ न्यूटनपेक्षाही कमी जोराने, म्हणजे साधारण १०० ग्रॅमच्या आत, टेकलेलं असलं तरी उभ्या माणसाचं डोलणं कमी होतं. एवढ्याशा जोराने आधार मिळत नाही, पण शरीर कुठे कलतंय ते बोटातून मेंदूला कळतं. मी मायला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बोटं ठेवायला लावली, "माझ्या हातावर ठेवतेस तशीच ठेव" म्हटलं, तर पहिल्यांदा ९०० ग्रॅम आले! रोज दोन-तीनदा काट्यावर सराव केला, आता १५० च्या आसपास असतं. काटा स्वस्तात मिळतो, जरूर करून बघा, भार किती टाकला जातोय हे बोलून समजत नाही, आकडा दिसला की लगेच समजतं.

दुसरी गोष्ट बोलण्याची. स्वीडनमध्ये वृद्धांच्या निवासात एक साधी पाहणी झाली होती, १९९७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, चालता चालता बोलायला लागलं की कोण थांबतं एवढंच बघितलं. ५८ पैकी १२ जण थांबले आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. माय आधी हमखास थांबायची, "भाजी काय करायची" विचारलं की पाय जागेवर. म्हणून मी आता सपाट जागी मुद्दाम बोलतो, आधी सोपं, नंतर हिशोबाचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तिने आपणहून झोक्यावरची गाणी म्हणायला घेतली आणि ट्रॅकचा आख्खा लांबचा पट्टा न थांबता चालली, मी मध्ये एक शब्द बोललो नाही. वळताना आणि चढउतारावर मात्र गप्प राहायचं, आणि जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यायचा, माय सहा-सात छोटी पावलं टाकून वळते.

उलट्या पावलांनी मागे चालणं मला सगळ्यात अवघड वाटत होतं. कपाट उघडताना, दार ओढताना माणूस मागे पडतं, तेव्हा ते पाहिजेच. अमेरिकेत हॅकनी आणि इअरहार्ट या संशोधकांनी पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) पेशंटना जोडीने टँगो नाच शिकवला, १३ आठवड्यांत एकेक तासाचे २० वर्ग, आणि त्यांचा तोल आणि मागे चालणं दोन्ही सुधारलं (२००९). मायला सांगितलं तर म्हणाली ही तर आपली वारीतली पावली. तरुणपणी ती मुक्ताईच्या पालखीसोबत कोथळीहून पंढरपूरला चालत गेलेली, ठेका तिच्या अंगातच आहे. संध्याकाळी ओट्यावर समोरासमोर उभे राहतो, तळहाताला तळहात, ती पुढे तर मी मागे, मग उलट, शेजारी भिंत आणि तिच्या मागे सून उभी. दहा मिनिटं पुरे, त्यात तिचा चेहरा जसा खुलतो तसा ट्रॅकवर खुलत नाही.

मोजमाप: हात असलेल्या खुर्चीवरून उठून ३ मीटर जायचं, वळून यायचं, बसायचं. खडूने रेघ मारून ठेवलीय. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. पहिल्या दिवशी १७.४, सहाव्या आठवड्यात १५.८, काल १३.१. एका पायाच्या टाचेला मागून दुसऱ्याची बोटं टेकवून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभं राहणं आधी २ सेकंद होतं, आता ७. तिथे १० पाहिजेत, म्हणून तो सराव ओट्याचा कठडा शेजारी ठेवून रोज चालू आहे.

रविवारी मावशीकडे अमळनेरला गेलो, एसटीने, तिचाच हट्ट. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते माहितीये, मागचे लोक घाई करून राहिले होते, मी त्यांना हात जोडून थांबवलं. मायने दांडी धरली, चांगला पाय आधी टाकला, एकदा श्वास घेतला आणि चढली. माझी बोटं पट्ट्यात होती, पट्टा शेवटपर्यंत सैलच राहिला.